गल्लीतला दवाखाना सुरक्षित आहे का, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की हडपसरला नवीन राहायला आलात, सासऱ्यांना मधुमेह आहे, मुलगी तीन वर्षांची आहे. जवळच्या दवाखान्यात गर्दी भरपूर असते, पण तो चांगला आहे का ते कळत नाही. मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. गर्दीवरून काही ठरवू नका. नव्या दवाखान्यात गेले की मी आधी बघते, सुई कुठून निघते आणि कुठे जाते.

आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. साध्या दवाखान्याला तो लागू होत नाही, त्यामुळे डोळे उघडे ठेवायचं बरंचसं काम आपल्यावरच येतं.

सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. टोचून झाल्यावर सुईला टोपण परत बसवायचं नाही, तसं करतानाच देणाऱ्याच्या बोटात सुई घुसते. सुई कटरने कापून पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम अगदी एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. "हा कचरा कोण नेतं?" असं सरळ विचारा. उत्तर 'घंटागाडी' असं आलं, तर तिथे पुन्हा जाऊ नका.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात मी इंजेक्शनच्या मोठ्या बाटलीच्या बुचात सुई तशीच खोचून ठेवलेली पाहिली होती. दिवसभर त्याच सुईतून औषध ओढायचं, वर फक्त सिरिंज बदलायची. मी बोलले तर कंपाउंडर म्हणाला, "ताई, पेशंटला नवीनच सुई टोचतो." पण बुचातल्या त्या सुईच्या वाटेने जंतू आत जातात आणि मग ती बाटली ज्याला ज्याला टोचाल त्याला धोका. अशा बाटलीवर उघडल्याची तारीख हवी, आणि साधारण २८ दिवसांनी ती फेकायची. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हेपटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, साथ आली, माणसं गेली, आणि वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं तपासात निघालं. म्हणून मी यावर एवढा जोर देते.

यात आपणही कमी नाही. ताप आला की "डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय" म्हणणारे आपणच. साध्या सर्दीतापाला सुई लागत नाही. "गरज नाही" असं सांगून पाच मिनिटं समजावणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरी गोष्ट पुडीची. रंगीत गोळ्या कागदात बांधून 'सकाळ-संध्याकाळ' एवढंच सांगतात. सासऱ्यांना रात्री अचानक चक्कर आली आणि मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर त्यांनी काय घेतलंय हे कोणालाच सांगता येणार नाही. पुडीत स्टेरॉइड असेल तर साखर चढते, हे मधुमेह्याच्या घरच्यांनी तरी लक्षात ठेवावं. औषधाचं नाव लिहून मागा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा: एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) यांच्या परिषदा वेगळ्या.

मुलीला पाचव्या वर्षी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लशीचा) बूस्टर लागेल. तिथे लस देत असतील तर फ्रिज बघायला मागा. आत थर्मामीटर हवा, तापमान २ ते ८ अंश. त्याच फ्रिजमध्ये जेवणाचा डबा दिसला किंवा वीज गेल्यावर काय करता याला उत्तर नसेल, तर लस महापालिकेच्या दवाखान्यात घ्या. तिथे ती मोफत आहे. आणि इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ॲड्रिनलिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरचं औषध, हाताशी हवंच. रिॲक्शन आली तर ते आणायला मेडिकलमध्ये धावायला वेळ नसतो.

पहिल्यांदा सासऱ्यांचा बीपी मोजायला म्हणून जा. त्यांना पाच मिनिटं शांत बसू देतात का, पट्टा शर्टाच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधतात का, आकडा लिहून देतात का, आणि त्यांचे पाय बघितले का, हे बघा. मधुमेही माणसाचे मोजे काढायला लावून तळवे तपासणारे डॉक्टर असतील तर मी तरी तिथेच नाव घालीन.