‘साठी बुद्धी नाठी’तली ‘नाठी’

निपाणीच्या एका संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलंय: वृद्धांची बौद्धिक घसरण आणि आयुर्मान यांच्या सांख्यिकी अभ्यासावर मराठीत लिहिताना ‘म्हातारचळ’ चालेल का? आणि ‘साठी बुद्धी नाठी’तला ‘नाठी’ कुठला?

‘म्हातारचळ’ अजिबात नको. उतारवयात नको त्या हौशी सुटतात, तो म्हातारचळ. बेळगावच्या टिळकवाडीत काय नि खानापुरात काय, आजोबा नातवाचं नाव विसरले की लोक सर्रास हा शब्द वापरतात. डोकं उठतं ऐकून. आजारी माणसावर चावटपणाचा आळ कशाला? स्मृतिभ्रंश म्हणा.

खरी मजा ‘नाठी’त आहे. मुष्टि-मूठ, दृष्टि-दीठ, षष्टि-साठ, तसंच नष्ट-नाठा. म्हणजे म्हणीतलं यमक एकाच ध्वनिनियमातून घडलंय! ‘न आठवणारी ती नाठी’ असं काही पंडित छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. ‘नाठवे’ निराळं. इथे बुद्धी ‘गेली’, तशी ‘नाठी’. आणि नश् धातूचा वेदातला अर्थ हरवणं, दिसेनासं होणं. बुद्धी निघून गेली, एवढंच म्हण सांगते.

तुमच्या विषयातही निघून गेलेल्यांचाच घोळ असतो. त्याच वृद्धांची वर्षानुवर्षं चाचणी घेतली, तर वेगाने घसरणारे बहुधा आधी दगावतात. उरलेल्यांचीच सरासरी काढली की घसरण आहे त्याहून सौम्य दिसते. म्हणून गुणांचा आलेख आणि मृत्यूचा धोका ‘जॉइंट मॉडेल’मध्ये एकत्र मांडतात. शिवाय म्हण जन्मापासून वर्षं मोजते, तर क्लीमायर या मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मृत्यूपासून मागे मोजून पाहिलं, तेव्हा अखेरच्या काळात गुण झपाट्याने घसरताना दिसले. भारतातल्या वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची ‘लासी-डॅड’ नावाची पाहणी आहे, तिचा अंदाज सांगतो, साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंश साधारण ७.४ टक्के. सगळ्यांचीच बुद्धी कुठली नाठायला!

आपल्याकडे कन्नड म्हणही कानावर पडते: ‘अरवत्तक्के अरळुमरळु’, साठीला भ्रम. पण ‘अरळु’ म्हणजे फुलणं, ‘मरळि’ म्हणजे पुन्हा. मातृभाषा मराठी असलेल्या धारवाडच्या कवी द. रा. बेंद्र्यांनी साठीच्या सुमारास आपल्या कन्नड कवितासंग्रहाला हेच नाव दिलं, आणि १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला. पुन्हा फुलण्याच्या या अर्थाला कुणी ओढाताण म्हणो, मला तोच पटतो. लेखात ही म्हण घेतलीत तर दोन्ही अर्थ द्या.