पोलंडची सीमा कुणी ठरवली? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : याल्टा परिषदेत रुझवेल्ट आणि चर्चिल यांनी पोलंड स्टालिनच्या पदरात टाकला, हे खरे का?

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बैठक भरली, तेव्हा बहुतेक पोलंड लाल सेनेच्या (सोव्हिएत सैन्याच्या) ताब्यात होता. घोडचूक त्याआधीची. लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारात मॉस्कोने पोलंडबाबतचे जर्मनीशी केलेले १९३९ चे करार रद्द मानले, पण नवी सीमा कोणती हे कागदावर आलेच नाही. त्याच डिसेंबरात स्टालिनने ब्रिटिश परराष्ट्रमंत्री इडन यांच्याकडे जून १९४१ च्या, म्हणजे पूर्व पोलंड धरून, सोव्हिएत सीमांना मान्यता मागितली. मे १९४२ चा ब्रिटिश-सोव्हिएत करार सीमांचा उल्लेख टाळूनच झाला.

मग १९४३ ची तेहरान परिषद; तिथे हेच तिघे नेते भेटले. चर्चिलनी काड्यापेटीतल्या काड्या सरकवून पोलंड पश्चिमेकडे कसा हलवता येईल ते दाखवले. १ डिसेंबर १९४३ ला रुझवेल्टनी या सीमाबदलाला स्टालिनकडे खासगीत संमती दिली. १९४४ च्या निवडणुकीत साठ-सत्तर लाख पोलिश वंशाच्या अमेरिकनांची मते हवी होती, म्हणून जाहीर वाच्यता नको, असेही सांगितले. लंडनमधल्या पोलिश सरकारला याचा पत्ता नव्हता. पंतप्रधान मिकोलायचिकना हे ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत कळले, तेही सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हच्या तोंडून. मित्रराष्ट्राशी असे वागणे मला अक्षम्य वाटते.

प्रश्न : कर्झन रेषा, म्हणजे पोलंडची पूर्वेकडची प्रस्तावित सीमा, एकच होती ना?

नाही. गॅलिशियात (ल्वूवभोवतीच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात) तिचे 'अ' आणि 'ब' असे दोन पर्याय होते. 'ब'प्रमाणे ल्वूव (आजचे ल्विव) पोलंडकडे राहिले असते. याल्टात रुझवेल्टनी त्यासाठी शब्द टाकून पाहिला. ही रेषा आम्ही नव्हे, कर्झन आणि फ्रान्सचे क्लेमांसो यांनी आखली, असे स्टालिनने सुनावले. (हो, वंगभंगवाला कर्झन तोच.) पोलंडच्या वाट्याला काही ठिकाणी पाच ते आठ किलोमीटरची सूट आली, बस्स.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतले पोलिश लोक युद्धानंतर मायदेशी का गेले नाहीत?

काही गेले. पण त्या सुमारे ५,००० निर्वासितांपैकी अनेकांची गावे पूर्व पोलंडात होती. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केले होते. तिथून इराणमार्गे ते इकडे पोचले. १६ ऑगस्ट १९४५ च्या सीमा करारानंतर ती गावे सोव्हिएत संघात गेली. त्यामुळे बऱ्याच कुटुंबांनी ब्रिटनची वाट धरली; पोलिश सैन्यातले त्यांचे नातलग तिथे आधीच पोचले होते.