वाचकांचे प्रश्न : ब्लॉगवर लिहू तरी काय?

घर-जागांच्या व्यवहारात एजंट म्हणून काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. वेबसाइट झाली, ब्लॉगचं पान उघडलं, चार-सहा लेख झाले आणि विषय आटले, अशी बहुतेकांची तक्रार आहे. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

सुरुवातीला उत्साहात सहा लेख लिहिले. ‘घर घेताना घ्यायची काळजी’, ‘भाड्याचं घर की स्वतःचं?’, ‘जमिनीतली गुंतवणूक’ असे. सातव्याला बसलो की काही सुचत नाही. विषय शोधायची काही पद्धत असते का?

अडचण तुमच्या शीर्षकांतच आहे. ‘घर घेताना घ्यायची काळजी’ हा एका लेखाचा विषय नव्हे, त्यात तीस लेख मावतील. तुम्ही ते तीसही एकाच लेखात ओतले, प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यं आली आणि साठा संपला. आता उलटं करा. एक प्रश्न, एक लेख.

हे प्रश्न सुचवून घ्यावे लागत नाहीत, ते रोज फोनवरून येतात. एक वही घाला आणि तिच्यात चार रकाने आखा: ग्राहकानं विचारलेला प्रश्न, विचारणारा कोण (घेणारा, विकणारा, घरमालक की भाडेकरू), व्यवहार कुठल्या टप्प्यावर आहे, आणि तुम्ही दिलेलं उत्तर एका ओळीत. चौदा दिवस प्रत्येक फोननंतर आणि घर दाखवून आल्यावर लगेच लिहायचं. रात्री आठवून लिहू म्हटलं की निम्मे प्रश्न गळतात, आणि उरतात ते नेमके सगळ्यांना माहीत असलेले.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ग्राहक विचारतो, ‘टोकन दिलं आणि मन बदललं तर पैसे परत मिळतात का?’ आणि वहीत उतरतं, ‘अनामत रकमेच्या परताव्याबाबतच्या तरतुदी’. लेख तिथेच मेला. लोक सर्चमध्येही बोलतात तसंच टाइप करतात, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. तेच तुमचं शीर्षक.

चौदा दिवसांनी मोजणी करा. तीनदा आलेला प्रश्न म्हणजे नक्की लेख. एकदाच आलेला, पण चुकला तर मोठा पैसा अडकेल असा प्रश्नही घ्या. मग टप्प्यांचा रकाना बघा: घ्यावं की नाही, बजेट किती, कुठे, कोणतं घर, भावाची बोलणी, कागदपत्रं, कर्ज, ताबा, राहायला गेल्यानंतरचा पहिला महिना. बहुतेक एजंटांचे लेख पहिल्या दोन टप्प्यांत गर्दी करतात आणि शेवटचे तीन रिकामे राहतात. तिथे लिहायला भरपूर आहे आणि लिहिणारे कमी.

उदाहरणार्थ ताबा. सगळे नळ एकाच वेळी पाच मिनिटं सोडून शेवटच्या नळाची धार बघायची. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते पाहायचं. प्रत्येक सॉकेटला फोनचा चार्जर लावून बघायचा. प्रत्येक खिडकी पूर्ण उघडून पूर्ण बंद करायची, कडी बसते का ते पाहायचं. किल्ल्या मोजून घ्यायच्या. मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढायचा. वीज-पाण्याचं खातं कोणाच्या नावावर आहे आणि मागची बाकी कोण भरणार, हे लेखी घ्यायचं. या एका परिच्छेदातून निदान पाच लेख निघतात, कारण प्रत्येक तपासणीला ‘आणि तसं निघालं नाही तर?’ हा पुढचा प्रश्न आहेच.

तरीही अडलात तर कुठल्याही प्रश्नाला पाच फाटे फोडून बघा: किती खर्च, किती वेळ, कोणते कागद, कुठे बिघडतं, आणि कोणाच्या बाबतीत उत्तर बदलतं. ‘घर विकायला किती दिवस लागतात?’ याचा शेवटचा फाटा घ्या. भाडेकरू राहत असलेलं घर, वारसांची नावं लागलेलं घर, कर्ज फिटायचं राहिलेलं घर. झाले तीन लेख.

विक्रीला आलेलं प्रत्येक घर मी ब्लॉगवर टाकतो. फोटो चांगले असतात, पण वाचायला कोणी फिरकत नाही.

ती जाहिरात झाली. तिला वेबसाइटवर वेगळा विभाग द्या. घर विकलं की ते पान निरुपयोगी होतं, आणि ब्लॉग म्हणजे ‘विकलं गेलं’च्या पाट्यांची रांग होऊन बसते. घर विकल्यावरही जे खरं राहतं, ते ब्लॉगवर लिहा.

समजा, त्या घरातली झोपायची खोली १० फूट बाय ११ फूट आहे. ११ फुटांच्या बाजूनं साडेसहा फूट लांबीचा पलंग ठेवला आणि समोरच्या भिंतीला २ फूट खोलीचं कपाट लावलं, तर मधे अडीच फूट उरतात. कपाटाचं दार दीड फुटाचं असेल तर ते उघडल्यावर उभं राहायला एकच फूट. म्हणजे तिथे सरकती दारं हवीत, नाहीतर कपाट दुसऱ्या भिंतीला. ‘१० बाय ११ च्या खोलीत काय काय बसतं?’ हा लेख ते घर विकलं गेल्यावरही तितकाच उपयोगी पडेल. सोबत हातानं काढलेला नकाशा पुरतो, फक्त मापं स्वतः टेपनं घ्या. ब्रोशरवरची मापं बऱ्याचदा गिलावा धरायच्या आधीची असतात.

क्षेत्रफळाचंही तसंच. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, हे आकडेमोडीसह एकदा नीट समजावलं आणि जाहिरातीतल्या क्षेत्रफळात भिंती, बाल्कनी, जिना यांतलं काय धरलंय हे कसं विचारायचं ते सांगितलं, की दोन घरांची तुलना करणारा माणूस त्या पानावर परत परत येतो.

कर्जाचे, करांचे आकडे दिले की लेख शिळा होतो. नाही दिले तर पोकळ वाटतो. मग करायचं काय?

न बदलणारं गणित आणि बदलणारे दर यांची फारकत करा. समजा, व्याजदर ९ टक्के धरला. कर्जाच्या प्रत्येक १ लाखामागे २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण ९०० येतो आणि १५ वर्षांसाठी साधारण १,०१४. एकूण परतफेड पहिल्यात सुमारे २ लाख १६ हजार, दुसऱ्यात सुमारे १ लाख ८२ हजार ६००. महिन्याला ११४ जास्त भरून शेवटी ३३ हजारांहून अधिक वाचतात. दर उद्या बदलला तरी मुदत आणि व्याज यांचं नातं बदलत नाही, त्यामुळे लेख टिकतो. फक्त दर ‘उदाहरणादाखल धरलेला’ आहे हे स्पष्ट लिहा.

कर, नोंदणीचं शुल्क, सवलती यांच्यासाठी वेगळं छोटं पान ठेवा, त्यावर ‘अमुक तारखेला तपासलं’ अशी ओळ आणि सरकारी संकेतस्थळाची लिंक द्या. इतर लेखांतून या पानाकडे बोट दाखवा, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी होईल. दर तीन महिन्यांनी ते उघडून बघायचं. काहीही न तपासता नुसती तारीख पुढे ढकलू नका. एका चुकीच्या आकड्यानं बाकी वीस लेखांवरचा विश्वास जातो.

लोक खरंच हे शोधतात का, ते फुकटात कसं कळेल?

ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल. गूगलवर ‘घर विकताना’ एवढंच टाइप करून थांबा, खाली सूचना येतात. मग पुढे एकेक अक्षर जोडत जा: क, ख, ग. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या तासात पंधरा-वीस खरेखुरे प्रश्न हाती लागतात. निकालांमध्ये ‘लोक हेही विचारतात’ अशी चौकट दिसली तर तिच्यातला एक प्रश्न उघडा, खाली नवे येत राहतात.

तुमची साइट काही महिने जुनी असेल तर सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गूगलच्या शोधात कुठे आणि कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच फुकट साधन, त्याहून उपयोगी. त्यातल्या परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांपर्यंतची माहिती असते. शोधशब्दांची यादी ‘किती वेळा दिसलं’ या क्रमानं लावा आणि निकालांच्या यादीत तुमचं सरासरी स्थान ८ ते २० मधे आहे असे शब्द वेगळे काढा. तिथे गूगल तुम्हाला दाखवतंय, पण लोक तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. बऱ्याचदा कारण एवढंच असतं, की त्या प्रश्नाला तुमच्याकडे स्वतंत्र लेख नाही, कुठल्यातरी लांबलचक लेखात एक ओळ आहे.

कुठला शब्द केव्हा जास्त शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचे आकडे मात्र जपून वाचा. ते ० ते १०० च्या तुलनात्मक मापात असतात, शोधणाऱ्यांची संख्या त्यातून कळत नाही. छोट्या वस्तीचं नाव टाकलं की बहुतेक साधनं शून्य दाखवतात. साधन म्हणतं शून्य आणि वही म्हणते तीन, तर वहीचं ऐका.

एआयला ‘पन्नास विषय दे’ म्हटलं की क्षणात मिळतात. मग वही कशाला?

कारण तेच पन्नास तुमच्या शेजारच्या एजंटलाही मिळालेत. शिवाय ते पहिल्या पत्रातल्या सहा शीर्षकांसारखेच गोल गोल असतात.

त्यापेक्षा वहीतले चाळीस प्रश्न, नावं-पत्ते-फोन काढून टाकून, त्याला द्या आणि गट पाडायला सांगा. कुठला टप्पा रिकामा आहे ते विचारा. घेणाऱ्याच्या प्रश्नाची विकणाऱ्याच्या बाजूनं उलटी बाजू काय, ते विचारा. या कामाला ते चांगलं आहे. कायदा, कर, मुदती यांची उत्तरं मात्र त्याच्याकडून घेऊ नका. ते चुकतं तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासानं बोलतं. गूगलनं डिसेंबर २०२२ मध्ये शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांच्या सूचनांमध्ये ‘अनुभव’ हा निकष जोडला, आणि माणसाच्या पैशावर मोठा परिणाम करणाऱ्या विषयांना तिथे आधीपासूनच अधिक कडक कसोटी आहे. घराचा व्यवहार त्यातच मोडतो. टेपनं मोजलेली खोली आणि स्वतः काढलेला फोटो हा अनुभव झाला, तो यंत्राकडून मागवता येत नाही.

परिसराबद्दल लिहायला घेतलं की सगळे लेख सारखेच होतात.

‘शांत, निसर्गरम्य, सर्व सोयींनी युक्त’ हे शब्द खोडून टाका. ते कुठल्याही परिसराला लागू पडतात, म्हणजे कुठल्याच नाही. मग तिथे तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, रात्री दहाला आणि सुटीच्या दुपारी. बसथांब्यापर्यंत घड्याळ लावून चाला. रात्री नऊनंतर रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळते का, कोणते दिवे बंद असतात, पाऊस थांबल्यावर तासाभरानं पाणी कुठे साचलेलं असतं, हे टिपा. भेटीची तारीख आणि वेळ लेखात द्या, आणि वर्षातून एकदा पुन्हा जाऊन या.

तिथे ‘कसले लोक’ राहतात, हे लिहू नका. धर्म, जात, कुटुंब कसं आहे यावरून परिसराची ओळख करून देणं अनेक देशांत कायद्यानं बंद आहे, आणि जिथे नाही तिथेही ते अयोग्यच. शाळेबद्दल ‘उत्तम’ म्हणू नका. अंतर किती, मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, एवढं सांगा.

सगळं फुकट सांगून टाकलं तर ग्राहक येईल कशाला?

कागद कसे तपासायचे हे वाचल्यावरच माणसाला कळतं, की हे एकट्याचं काम नाही. फोन तिथूनच येतो. काय सांगू नये, ते मात्र पक्कं ठरवा. हातातल्या घराबद्दल मालक किती खाली उतरेल, विकायची घाई का आहे, यातलं काहीही ब्लॉगवर येता कामा नये. झालेल्या व्यवहाराची हकिगत लिहायची तर नुसतं नाव बदलून भागत नाही. मजला, महिना आणि रक्कम यांवरून शेजारी बरोबर ओळखतात. तीन व्यवहारांतली अडचण एकत्र करून ‘अशी परिस्थिती येते तेव्हा’ असं लिहा, नाहीतर लेखी परवानगी घ्या.

आठवड्याला तीन लेख हवेत असं ऐकलं. जमेल असं वाटत नाही.

नका लिहू. महिन्याला दोन पुरेत, पण प्रश्नाचं उत्तर पहिल्या तीन वाक्यांत आलं पाहिजे आणि तपशील त्यानंतर. तुमच्याच दोन लेखांनी एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं असेल तर ते एकत्र करा आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळण लावून घ्या, साइट करणाऱ्याला ‘३०१ रीडायरेक्ट’ म्हटलं की कळेल. आणि लेख छापून विसरू नका. तोच प्रश्न घेऊन पुढचा फोन आला की तोंडी उत्तर द्या आणि वर व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा. वाचून त्यानं आणखी काही विचारलं, तर तो परिच्छेद तुमच्या लेखात राहून गेलाय. त्याच संध्याकाळी तो घाला.