बर्न्स वाचायला घेताय, तर सुरुवात इथून करा

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याचा जाडजूड समग्र संग्रह आताच घेऊ नका. आधी उंदरावरची एकच कविता घ्या, 'टू अ माउस', १७८५ची. नांगर फिरवताना शेतातल्या उंदराचं घरटं मोडतं आणि समोर हिवाळा उभा असतो. नांगर धरणारा तो जीव चक्क उंदराची माफी मागतो! बर्न्स स्वतः एअरशायरमधल्या, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचा मुलगा, लहानपणापासून शेतात राबलेला. कवितेतली माती त्याच्या हाताला लागलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

कविता मोठ्यानं वाचा. ती स्कॉट्स भाषेत आहे; या भाषेकडे बिघडलेली इंग्रजी म्हणून पाहू नका. ती इंग्रजीची सख्खी बहीण आहे, तिचे शब्द वेगळे. 'बेर्न' म्हणजे मूल, 'केन' म्हणजे ठाऊक असणं. १७८६मध्ये किल्मार्नॉकला ६१२ प्रतींचं पहिलं पुस्तक छापलं, तेव्हा त्यानंच शेवटी शब्दार्थ दिले होते. म्हणून तुम्हीही शब्दार्थ असलेलीच आवृत्ती घ्या, अडलात तर लाजू नका.

चरित्र नंतर वाचा, पण गाळून वाचू नका. त्याच १७८६ साली तो जमैकाला, गुलामांच्या मळ्यावर नोकरी करायला निघाला होता. पुस्तक गाजलं आणि बेत राहिला. पुढे तो अबकारी खात्यात लागला आणि १७९६मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी, डम्फ्रीज गावी वारला.

मग गाण्यांकडे या. लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या चाली आणि ओळी त्यानं वर्षानुवर्षं गोळा केल्या, जुळवल्या, नव्यानं लिहिल्या. ही गाणी आधी ऐका, मग वाचा.