आकाशात ‘थोडक्यात टळलं’ म्हणजे किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : विमानतळाजवळ दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळली, असं बातम्यांत येतं. ‘थोडक्यात’ म्हणजे नेमकं किती अंतर?

उत्तर : विमानतळाच्या परिसरात रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांत सर्वसाधारणपणे आडवं 3 नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, किंवा उभं 1000 फूट अंतर राखतात. दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं. दोन्ही एकाच वेळी कमी झाली की ती गंभीर बाब. त्यामुळे खिडकीतून एखादं विमान बरोबर खालून जाताना दिसलं तर घाबरू नका, ते हजार फूट खाली असणार. 3 मैल ऐकायला पुष्कळ वाटतात, पण प्रत्येकी 150 नॉट, म्हणजे ताशी 150 नॉटिकल मैल, वेगाने समोरासमोर येणारी विमानं ते अंतर 36 सेकंदांत संपवतात.

प्रश्न : एवढी मोठी विमानं, मग वैमानिकाला समोरचं विमान दिसत कसं नाही?

उत्तर : धडकेच्या मार्गावर असलेलं विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं, आणि आपली नजर हलणारी वस्तू चटकन टिपते, स्थिर वस्तू नाही. ठिपका फुगायला लागतो तो अगदी शेवटच्या काही सेकंदांत. वस्तू दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, टक्कर होणार हे लक्षात येणं, निर्णय घेणं, हात हलवणं आणि विमानाने वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद धरतात. वर सांगितलेल्या वेगाने तेवढ्या वेळात सुमारे 1.9 किलोमीटर अंतर कापलं जातं. इतक्या लांबून समोरून येणाऱ्या विमानाचा चार मीटर रुंद मधला भाग, हात लांब करून धरलेल्या काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक दिसतो.

प्रश्न : मग टीकॅस हे टक्कर टाळणारं यंत्र काय करतं? आणि टीकॅस एक सांगतंय, जमिनीवरचा हवाई नियंत्रक दुसरंच सांगतोय, तर कोणाचं ऐकायचं?

उत्तर : टीकॅसचं. यात चर्चेला जागा नाही. हे यंत्र दर सेकंदाला आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला (ओळख आणि उंची कळवणाऱ्या उपकरणाला) विचारणा करतं आणि उत्तरावरून अंतर, उंची आणि जवळ येण्याचा वेग काढतं. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा मिळतो, उंचीनुसार धडकेच्या 20 ते 48 सेकंद आधी. तेव्हा फक्त शोधायचं आणि तयार राहायचं; मनाने वळायचं नाही. त्यानंतर 15 ते 35 सेकंद आधी हुकूम येतो : ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ती आपसात ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. वैमानिकाने 5 सेकंदांच्या आत हुकूम पाळायला सुरुवात करायची, हुकूम बदलला तर अडीच सेकंदांत. बहुतेक विमानांत त्यासाठी ऑटोपायलट बंद करावा लागतो. मग रेडिओवर ‘टीकॅस आरए’ (म्हणजे टीकॅसचा हुकूम मिळाला) एवढंच कळवायचं. ते ऐकलं की नियंत्रकाने त्या विमानाला दिशा किंवा उंची बदलायला सांगायची नाही.

एकाने यंत्राचं आणि दुसऱ्याने माणसाचं ऐकलं तर काय होतं, हे 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतल्या उबरलिंगेनवर दिसलं. तुपोलेव 154 विमानाला टीकॅस ‘वर जा’ सांगत होतं, नियंत्रक ‘खाली या’ म्हणत होता. ते खाली आलं. दुसरं विमान, बोइंग 757, टीकॅसच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. 71 माणसं गेली.

प्रश्न : म्हणजे टीकॅस असलं की विमानतळाजवळही काळजी नाही?

उत्तर : उलट, तिथेच जास्त काळजी हवी. जमिनीपासून साधारण 1100 फुटांच्या खाली यंत्र ‘खाली या’ असा हुकूम देत नाही, कारण खाली जमीन आहे. सुमारे 1000 फुटांच्या खाली तर हुकूम पूर्ण बंद. फक्त ‘ट्रॅफिक’चा इशारा उरतो, आणि अगदी जमिनीजवळ त्याचा आवाजही बंद होतो. वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळाजवळ 29 जानेवारी 2025 च्या रात्री उतरणारं प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर सुमारे 300 फुटांवर धडकली, 67 जण गेले. विमानात इशारा वाजला होता. त्या उंचीवर हुकूम मिळणारच नव्हता. म्हणून शेवटच्या टप्प्यातलं अंतर नियंत्रकाने आधीच आखावं लागतं. हेलिकॉप्टरच्या आणि उतरणाऱ्या विमानांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ‘वैमानिक बघून घेतील’ यावर रात्री भरवसा ठेवणं आमच्या मते चूकच.

दुसरी मर्यादा म्हणजे ज्याचा ट्रान्सपॉन्डर बंद आहे ते विमान टीकॅसला दिसतच नाही. ट्रान्सपॉन्डर उंची पाठवत नसेल तर नुसता इशारा मिळतो, हुकूम नाही.

प्रश्न : उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची दाखवतो. त्यात दाब चुकीचा भरला तर टीकॅसही फसतं का?

उत्तर : नाही. ट्रान्सपॉन्डर नेहमी 1013 हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरचीच उंची पाठवतो. फसतो तो वैमानिक : 10 हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास 300 फूट. म्हणून नियंत्रकाने सांगितलेला दाब आणि उंची वैमानिकाने आकड्यानिशी परत म्हणून दाखवायची, आणि नियंत्रकानेही ते कान देऊन ऐकायचं. नेमलेली उंची पाळली नाही तर काय होतं, हे 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिसलं. 349 माणसं गेली. दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं इल्युशिन 76 नेमून दिलेली 15,000 फुटांची पातळी सोडून खाली आलं आणि 14,000 वर असलेल्या सौदी बोइंग 747 वर आदळलं. तेव्हा दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती. पुढे भारतात टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली.

प्रश्न : धावपट्टीवरचं विमान अजून उडालेलं नाही आणि मागचं उतरायला आलंय. तेव्हा काय करतात?

उत्तर : मागच्याने गो-अराउंड करायचा, म्हणजे इंजिनांना पूर्ण जोर देऊन पुन्हा चढायचं. धोका पुढेच असतो : उडणारं आणि चढणारं, दोघं एकाच दिशेने, आणि मागच्याच्या नाकाखाली पुढचं झाकलेलं. अशा वेळी नियंत्रकाने एकाला लगेच वेगळी दिशा द्यावी. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये 4 फेब्रुवारी 2023 ला दाट धुक्यात असाच प्रसंग आला. मालवाहू बोइंग 767 च्या वैमानिकांनी पुढचं विमान ओळखून गो-अराउंड केला, तेव्हा मधलं अंतर 200 फुटांहून कमी उरलं होतं.

असा प्रसंग घडल्यावर उतरल्या उतरल्या एक काम करायचं असतं. अनेक विमानांतला आवाजमुद्रक शेवटचे 2 तासच जपून ठेवतो, पुढचं जुन्यावर चढत जातं. त्याचा वीजपुरवठा वेळेत तोडला नाही तर तपासणाऱ्यांच्या हाती त्या प्रसंगातला कॉकपिटमधला एक शब्दही लागत नाही.