तेजोमेघाच्या छायाचित्रातील आगंतुक उजेड

प्रश्न : सांगे तालुक्यातील आमच्या अंगणातून मी मृग नक्षत्रातील अश्वमुख तेजोमेघाची छायाचित्रे घेतो. दुर्बीण १५० मिलिमीटर व्यासाची आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन, म्हणजे आरशांची, असून तिला कोमा करेक्टर (कडेचे तारे लांबट दिसू नयेत म्हणून लावायचे भिंग) व डीएसएलआर कॅमेरा जोडलेला आहे. प्रत्येक फ्रेमच्या एका कडेला फिकट कंस उमटतो आणि तळाशी धूसर उजेड पसरतो. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे, चित्रातील कमीजास्त उजेड सारखा करण्यासाठी घेतलेले छायाचित्र) वापरूनही ते जात नाहीत. संगणकावर पुसू गेल्यास तेजोमेघाचा फिकट भागही निघून जातो. काय करावे?
— एक वाचक, सांगे

उत्तर : फ्लॅट फ्रेमने हा दोष जाणार नाही, कारण तिचे काम भागाकाराचे असते आणि आगंतुक उजेड मूळ चित्रात बेरीज होऊन आलेला असतो. म्हणून तो पुसण्याआधी कोणत्या वाटेने आत येतो हे शोधावे. आपल्या वर्णनावरून कंस आणि धूसर उजेड यांची कारणे वेगवेगळी असावीत असे आम्हांला वाटते.

प्रथम कंस. त्रिकांडातील, म्हणजे मृगातील तीन ताऱ्यांच्या ओळीतील, अल्निटाक हा तारा अश्वमुखापासून सुमारे अर्धा अंश दूर, म्हणजे आपल्या चौकटीतच असतो. मधला अल्निलम मात्र पावणेदोन अंशांवर, सहसा चौकटीबाहेर राहतो. अल्निलमचा प्रकाश फोकसरच्या (कॅमेरा मागेपुढे करून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाच्या) नळीच्या चकचकीत कडेवर किंवा करेक्टरच्या कड्यावर तिरपा पडला, तर असाच कंस उमटतो. खात्रीसाठी चौकट अल्निलमपासून आणखी अर्धा अंश दूर सरकवावी. कंस तुटला किंवा नाहीसा झाला, तर दोषी हाच तारा. त्यानंतर कॅमेरा ९० अंशांनी फिरवून पाहावे : कंस ताऱ्यांबरोबर फिरला तर कारण नळीत किंवा फोकसरच्या गोल भागांत आहे, आणि चौकटीच्या त्याच कडेला राहिला तर ते कॅमेऱ्याच्या आत शोधावे लागेल.

सर्वांत उपयोगी तपासणी मात्र दिवसाउजेडीच होते. सूर्य दुर्बिणीच्या दिशेपासून पुष्कळ दूर असताना ती उजळ आभाळाकडे रोखावी, कॅमेरा काढावा आणि त्याचा सेन्सर जेथे असतो साधारण तेथे डोळा नेऊन, मध्यावरून सेन्सरच्या कोपऱ्यांच्या जागेकडे हळूहळू सरकवत आत पाहावे. दुय्यम आरसा आणि त्यात दिसणारा मुख्य आरसा यांखेरीज जे जे चमकेल, मग ती स्क्रूची डोकी असोत, फोकसरची आतली कड असो किंवा समोरची नळीची भिंत असो, ते सर्व संशयित समजावे. लहान भागांना मॅट काळा रंग द्यावा आणि फोकसरसमोरच्या भिंतीवर काळे मखमल चिकटवावे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्याचा गोंद सुटतो, शिवाय बुरशीही धरते. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी ते दरवर्षी तपासावे. सुटलेला धागा आरशावर पडला तर नवीच अडचण उभी राहते.

आता तळाचा उजेड. मृग मध्यमंडलावर येतो तेव्हा गोव्यातून त्रिकांड ७० अंशांहून अधिक उंचीवर असते, त्यामुळे दुर्बिणीची पाठ जवळजवळ जमिनीकडे वळलेली असते. बल्कावातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) दिव्याचा उजेड फरशीवरून परावर्तित होऊन मुख्य आरशाच्या कडेच्या फटीतून नळीत शिरू शकतो. दिवा चालू ठेवून, पुढचे झाकण लावून तीन मिनिटांची फ्रेम घ्यावी. मग पाठीला काळे कापड गुंडाळून तशीच दुसरी घ्यावी आणि दोन्ही संगणकावर ताणून, म्हणजे त्यांतील फिकट उजेड ठळक करून, शेजारी ठेवाव्यात. फरक दिसला तर वाट सापडलीच. न दिसल्यास कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर झाकून पुन्हा पाहावे. पाठ मात्र आरसा बाहेरच्या हवेइतका निवल्यावरच झाकावी, नाहीतर ताऱ्यांचे बिंदू फुगतात.

अल्निटाकभोवती गोल तबकडीही दिसत असेल, तर ते फिल्टरवरचे परावर्तन समजावे. तिचा सेन्सरवरील व्यास मोजून त्याला आपल्या दुर्बिणीच्या ५ या फोकल रेशोने (नाभीय अंतर भागिले व्यास) गुणावे आणि निम्मे करावे, म्हणजे दोषी पृष्ठभाग सेन्सरपासून किती दूर आहे ते कळते. ८ मिलिमीटरची तबकडी असल्यास तो साधारण २० मिलिमीटरवर असेल.

जुन्या फ्रेम टाकून देऊ नयेत. ज्या रात्री चौकट थोडी वेगळी धरली होती, त्या फ्रेममध्ये कंस ताऱ्यांच्या तुलनेत दुसऱ्या जागी पडलेला असेल. अशा पुरेशा फ्रेम स्टॅक करताना, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र करताना, सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमपेक्षा फार वेगळे बिंदू वगळण्याची पद्धत) वापरले, तर कंसाचा बराचसा भाग तेजोमेघाला धक्का न लागता गळून पडतो.