फाइल कॉपी करणाऱ्या फंक्शनने ट्रू-फॉल्सऐवजी ट्युपल परत केले तर जुना कोड मोडेल का?

तुमचे फंक्शन फाइल कॉपी केल्यावर ट्रू परत करते आणि आधीची प्रत ताजी असल्यामुळे कॉपी टाळली तर फॉल्स; आता त्यासोबत नव्या फाइलचा पाथही (म्हणजे ती कुठे आहे तो पत्ता) हवा म्हणून दोन्हींचे ट्युपल, म्हणजे एकत्र बांधलेल्या मूल्यांची न बदलणारी यादी, परत करावे, असा तुमचा विचार आहे. त्याने जुना कोड मोडेल, आणि तो मोडल्याचे कळणारही नाही, ही खरी अडचण आहे. पायथनमध्ये रिकामे नसलेले ट्युपल इफमध्ये नेहमी खरे धरले जाते, मग त्याच्या आत फॉल्स का असेना. त्यामुळे जिथे जिथे या फंक्शनचे उत्तर थेट इफमध्ये तपासले आहे, तिथे कॉपी टाळलेली असतानाही ती झाली असे समजून पुढचा कोड निमूटपणे चालत राहील. नेमड्‌ट्युपल (घटकांना नावे असलेले ट्युपल) वापरले तरी हीच गत होते. किती फाइली कॉपी झाल्या हे कोणी या उत्तरांवर थेट सम हे बेरजेचे फंक्शन वापरून मोजत असेल, तर तिथे निदान टाइपएरर (चुकीच्या प्रकाराची त्रुटी) तरी येईल.

जोडी परत करण्याची कल्पना मुळात चुकीची नाही, पायथन ३.१२ मध्ये काढून टाकलेल्या डिस्टयुटिल्स या जुन्या मॉड्यूलमधील कॉपी_फाइल हे फंक्शन पाथ आणि कॉपी झाली की नाही अशी जोडीच देत असे. फाइली हाताळणाऱ्या शटिल या पायथनच्या मॉड्यूलमधील कॉपी हे फंक्शनही पायथन ३.३ पूर्वी नन (None, म्हणजे काहीच मूल्य नाही) देत असे आणि त्या आवृत्तीपासून ते नव्या फाइलचा पाथ देते, पण ननवर कोणाचा कोड सहसा अवलंबून नसतो, म्हणून तो बदल सोपा होता. तुमच्या ट्रू-फॉल्सवर मात्र लोक विसंबून आहेत.

म्हणून मी जुन्या नावाला हात लावणार नाही. जोडी परत करणारे फंक्शन नव्या नावाने लिहावे, आणि जुन्या फंक्शनने त्यालाच बोलावून जोडीतला फक्त ट्रू-फॉल्सचा घटक परत करावा. जुन्यात डेप्रिकेशनवॉर्निंग (हे फंक्शन पुढे वापरू नये असा इशारा) द्यावी आणि इशाऱ्यात कोणती ओळ दाखवायची ते ठरवणारी स्टॅकलेव्हल २ ठेवावी, म्हणजे इशाऱ्यात तुमच्या फाइलीऐवजी ते फंक्शन बोलावणारी ओळ दिसते. हा इशारा मुख्य स्क्रिप्टबाहेर एरवी दडवला जातो, त्यामुळे चाचण्या चालवताना तो दिसतो आहे याची खात्री करावी. पाथ देताना शटिलच्या कॉपीने परत केलेलाच पुढे द्यावा, कारण गंतव्य म्हणून फोल्डर दिले असल्यास फाइलचे नाव जोडलेला पूर्ण पाथ तेच तयार करून देते. कॉपी टाळली जाते त्या शाखेत मात्र तो तुम्हालाच जुळवावा लागेल.